कनोलाच्या पाण्याची पाळी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, मरंबिजी नदीच्या खोऱ्यात मी पीक सल्लागार म्हणून काम करतो आणि ओलिताखालच्या कनोलाचे उत्पादन कुठे अडते, हा प्रश्न मला दर हंगामात विचारला जातो. कनोला हे आपल्या मोहरीच्याच कुळातले पीक. येथे ते एप्रिलच्या सुमारास पेरतात, ऑगस्टमध्ये शेते पिवळी होतात आणि नोव्हेंबरात काढणी होते.

खताचा हिशेब तुलनेने सोपा आहे. एक टन दाण्याबरोबर सुमारे ४० किलो नत्र शेताबाहेर जाते, आणि दिलेल्या नत्रापैकी साधारण निम्मेच दाण्यात उतरत असल्याने टनामागे ८० किलोंची तरतूद लागते. म्हणजे हेक्टरी ४ टनांचे लक्ष्य असेल तर मातीतले नत्र धरून ३२० किलो. येथवर बहुतेकांचे जमते.

खरी चूक पाण्याच्या वेळेत होते. फुलोरा सुरू झाल्यानंतरच्या काही आठवड्यांत शेंगांची आणि दाण्यांची संख्या ठरते. त्या काळात पाण्याचा ताण बसला, तर नंतर कितीही पाणी दिले तरी गेलेले दाणे परत येत नाहीत. मात्र उन्हाळी भात किंवा कापसासाठी पाणी राखून ठेवावे आणि वसंतातला पाऊस येईल अशी आशा धरावी, हा मोह शेतकऱ्याला सुटत नाही. (पाण्याचा भाव पाहता त्याला दोष देणेही कठीण जाते.)

याउलट, घाईने भरलेले पाणी तुंबले तरी तितकेच नुकसान होते. गेल्या सप्टेंबरात एका शेतात पाणी दिल्यावर लगेच पाऊस झाला. कालव्याकडच्या बाजूला शेंगांनी वाकलेली झाडे होती, तर उताराच्या टोकाला दोन दिवस पाणी साचलेल्या पट्ट्यात पाने जांभळट पडली होती. एक झाड उपटले, तर मुळे तपकिरी होऊन बोटांत सुटून आली. जादा पाणी निथळून मातीत हवा खेळू लागते त्या स्थितीला आपल्याकडे वाफसा म्हणतात; तो त्या पट्ट्यात आठवडाभर आलाच नाही.

यंदा त्या शेतकऱ्याने टोकाचा चर खोल करून घेतला आणि पहिली पाळी फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच दिली. सकाळी सहाला सोडलेले पाणी दुपारी तीनपर्यंत चरातून बाहेर पडले होते.