साबणाला फुगा आला नाही म्हणून

"फुगा नाही काका. लीकेज नाही."

हे वाक्य मी दोन महिन्यांत चार वेळा ऐकलं, तेही सीएनजी किटची कामं करणाऱ्या एकाच गॅसवाल्याकडून, त्याच प्लास्टिकच्या बाटलीतलं तेच साबणाचं पाणी माझ्या इंजिनवर उडवताना. चौथ्या वेळी मी बोलून गेलो, "अरे बाबा, फुगा यायचा तर आतली हवा बाहेर यावी लागते. इथे ती आत जातेय." त्याने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि पुढच्या रिक्षाकडे गेला.

गाडी म्हणजे २०१२ची वॅगनआर, तीन सिलिंडरचं ९९८ सीसीचं इंजिन. २०१५ साली बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतलं, आरसी बुकात नोंद केली, दर तीन वर्षांनी गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) केली. नऊ वर्षं तक्रार नाही. मग गेल्या पावसाळ्यानंतर सिग्नलला उभं राहिलं की रेस आपोआप वर जायची, चौदाशे-पंधराशे, तिथून धपकन नऊशेवर, परत वर. जणू कोणी पायाने पंप मारतंय. सकाळी थंड इंजिनला तर गाडी अशी डुगडुगायची की आरशात मागचं काही दिसायचं नाही. चेक इंजिनचा दिवा मात्र लागलेला नाही.

आता मला जिथे अडकवलं ते सांगतो. सर्व्हिस सेंटरवाल्याने बॉनेट उघडलं, किट पाहिलं आणि बॉनेट लावलं. "बाहेरचं किट आहे, गॅसवाल्याला दाखवा. आम्ही हात लावला तर वॉरंटी जाईल." बारा वर्षांच्या गाडीची कसली वॉरंटी? गॅसवाल्याने साबण मारला, फुगा नाही, म्हणजे "पेट्रोलच्या बाजूचा प्रॉब्लेम, कंपनीत दाखवा." परत सर्व्हिस सेंटर. तिथे मी गाडी पेट्रोलवर चालवून दाखवली, पेट्रोलवरही तेच. मग त्यांनी थ्रॉटल बॉडी (इंजिनच्या हवेची झडप) साफ केली, आठशे रुपये. दोन दिवस बरं वाटलं (की वाटून घेतलं?), तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. परत गेलो तर "थ्रॉटल बॉडीच बदलावी लागेल," आणि हातात साडेतेरा हजारांचं एस्टिमेट. वर सल्ला: "काका, किती दिवस वापरणार? काढून टाका गाडी." गॅसवाल्याकडे गेलो, त्याने लॅपटॉप लावून गॅसचा मॅप, म्हणजे कधी किती गॅस द्यायचा याचा तक्ता, 'ट्यून' केला. पाचशे रुपये. गाडी पेट्रोलवर डुगडुगते म्हणून सांगतोय आणि हा गॅसचा मॅप ट्यून करतोय!

या फेऱ्यांत कुणी थांबून एक साधा विचार केला नाही. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा ईसीयू (इंधन सोडणारा छोटा संगणक) स्वतः काही ठरवत नाही. पेट्रोलचा ईसीयू इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते सांगतो, गॅसचा ईसीयू ते वाचून आपल्या इंजेक्टरला लावतो. दोन्ही इंधनांवर एकच रोग असेल तर रोग इंधनात नसून बहुधा हवेत किंवा ठिणगीत असतो. प्लग मी स्वतः काढून पाहिले होते, दोन बदामी आणि कोपऱ्यातला एक पांढराफटक. पांढरा प्लग म्हणजे त्या सिलिंडरला हवा जास्त आणि इंधन कमी मिळतंय. प्लग रुमालात गुंडाळून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला दाखवला. तो म्हणाला, "नवीन सेट टाकू का?"

शेवटी भोसरीच्या टूलरूममध्ये काढलेली सव्वीस वर्षं आठवली आणि ठरवलं की हे आपणच शोधायचं.

साडेसहाशे रुपयांचा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (ईसीयूतले आकडे वाचणारा) घेतला, मोबाइलवर फुकटचं अ‍ॅप. इथे माझे दहा दिवस वाया गेले, तुमचे जाऊ नयेत. व्हिडिओंत सगळे सांगतात की व्हॅक्यूम लीक (चोरवाटेने आत शिरणारी हवा) असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने स्वतः केलेली इंधनाची वाढ-घट, अधिक वीस-पंचवीस टक्के दिसतो. माझ्याकडे सहा-सात. म्हटलं, बरोबर असेल बाबा, लीकेज नाही. पण ते व्हिडिओ हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांचे. त्यांत चोरवाटेने आलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून ट्रिम वर जातो. माझ्या गाडीत तो सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. (गॅसवाल्याचा 'मॅप' वेगळा, हा वेगळा. मीही आधी गोंधळलो.) फटीतून हवा आली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं थ्रॉटल उघडलाय, तो इमानदारीत तेवढं पेट्रोल देतो आणि रेस चढते. मग तो आयडलचा (उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणाऱ्या हवेचा) व्हॉल्व्ह बंद करत जातो. तरी रेस उतरत नाही आणि अ‍ॅक्सिलरेटरवर तर पाय नाही, म्हणून गाडी उतारावर आहे असं समजून पेट्रोलच तोडतो. रेस धपकन खाली, पेट्रोल परत चालू, परत वर. तो पायाने पंप मारणारा माणूस हाच.

म्हणून अशा गाडीत ट्रिम बघू नका, दाब बघा. आधी चावी फिरवून इंजिन बंद ठेवून आकडा पाहायचा, तो बाहेरच्या हवेचा. चिंचवडला ९५ किलोपास्कलच्या आसपास येतो, मुंबईत शंभरच्या वर. तो बरोबर आला म्हणजे सेन्सर शाबूत. मग गरम इंजिन, एसी बंद, आयडलवर. माझा ४९. एवढ्या इंजिनचा तो पस्तिशीच्या आसपास हवा.

मग एकेक पाइप चिमटायचा. पकडीच्या दातांना फडकं गुंडाळून ब्रेक बूस्टरचा पाइप दाबला, काही नाही. क्रँककेसचा दाबला, रेस जराशी हलली, तेवढी हलतेच. गॅस किटने मॅनिफोल्डवरून घेतलेली बारकी व्हॅक्यूम लाइन दाबली आणि रेस सर्रकन उतरली, दाब ४३. त्या लाइनवर एक प्लास्टिकची टी (तीन तोंडांचा जोड) असते, एक फाटा गॅसचा दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरला, एक किटच्या प्रेशर सेन्सरला. टी हातात घेतली तर अर्धी हातात, अर्धी पाइपात. पाइप उन्हात ठेवलेल्या रबरी चपलेसारखा, वाकवला की बारीक भेगा. पितळी टी चाळीस रुपये, फ्युएल होज नव्वद, सहा क्लिपा नव्वद. पहिली खुशी तिथे झाली.

पण ४३ म्हणजे ३५ नव्हे. अजून कुठून तरी हवा येत होती आणि थंडपणी मिसिंग चालूच. पांढरा प्लग सांगत होता की ती एकाच सिलिंडरच्या नळीत शिरतेय. तिन्ही सिलिंडरचा धूर एकत्र होऊनच ऑक्सिजन सेन्सरपाशी येतो, त्याला सरासरी दिसते, म्हणून ट्रिमही धडपणे ओरडत नाही. लोक इथे कार्ब क्लीनर फवारतात. गॅसच्या गाडीला, गरम एक्झॉस्टजवळ, ज्वालाग्राही स्प्रे मी मारणार नाही, तुम्हीही मारू नका.

आईच्या औषधांच्या डब्यातून दहा एमएलची सिरिंज घेतली, पुढे सलाइनच्या नळीचा हातभर तुकडा लावला. आत साधं पाणी. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या जोडांवर एकेक थेंब सोडत गेलो. बाहीचं बटण लावा, रेडिएटरचा पंखा न विचारता चालू होतो. पहिल्या सिलिंडरच्या गॅसच्या नॉझलवर थेंब तसाच बसून राहिला, वाफ होऊन गेला. दुसऱ्यावरही तसंच. कोपऱ्यातल्या तिसऱ्यावर थेंब सोडला आणि तो दिसेनासा झाला. सुर्र असा बारीक आवाज आला, इंजिनने ठसका दिला. परत सोडला, परत सुर्र. मी पार्किंगमध्ये एकटाच "सापडलास!" म्हणून ओरडलो. वॉचमन टॉर्च घेऊन आला.

किट बसवताना प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला भोकं पाडून सहा एमएमचे आटे मारून पितळी नॉझल लावतात. त्या कोपऱ्यातल्या नॉझलवर गॅसच्या होजचा सगळा भार लोंबकळत होता, नऊ वर्षं गरम-गार होऊन आटे गेले. नॉझल बोटाने गरगर फिरत होतं. साबणाच्या पाण्याचा फेस याच नॉझलवर चारदा ओतला गेला होता आणि चारदा त्याने तो निमूट पिऊन टाकला होता.

रविवारी मेहुण्याला बोलावलं. आधी गॅसच्या सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह बंद करून गाडी गॅसवर चालवली, लाइनमधला गॅस संपून ती आपोआप पेट्रोलवर गेली, मग बंद. सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत दाब असतो, त्या बाजूच्या एकाही नटाला आपण पाना लावायचा नाही. मॅनिफोल्ड काढायला दोन तास लागले. तो गाडीवर ठेवूनच ड्रिल मारायचा मोह होतो, पण बुरादा थेट इंजिनमध्ये जाईल. सोमवारी भोसरीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे. त्याने भोकाला सातचं ड्रिल, एक पिचचा आठचा टॅप मारला, आणि तसंच नॉझल टर्न करून दिलं, आतलं भोक जुन्याच मापाचं. अडीचशे रुपये. आट्यांना उष्णता सहन करणारा दोन भागांचा इपॉक्सी. टेफ्लॉन टेप नको, त्याचे धागे आत ओढले जातात. मॅनिफोल्ड साबणाने धुतला (इथे साबण कामाचा!) आणि हवा मारली. गास्केट नवीन, तीनशे चाळीस. गॅसच्या होजला एक क्लॅम्प लावून भार बॉडीवर घेतला, तो लेथवाल्याने भंगारातून दिला.

बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटं काढून ठेवली, जुनं शिकलेलं विसरायला. मग चावी. दाब ३४, रेस आठशेच्या आसपास, डॅशबोर्डवर ठेवलेला गणपती हलेना. टी, पाइप, क्लिपा, लेथ, गास्केट धरून आठशे दहा रुपये. डोंगल वेगळा, पण तो आता सोसायटीत फिरतोय.

तुटकी टी खिशात घालून मी गॅसवाल्याकडे गेलो, काउंटरवर ठेवली. त्याने उलटसुलट करून पाहिली.

"काका, टी होय? सांगायचं ना. फुकटात बदलून दिली असती."