पाच आठवड्यांचं बाळ आणि माझा पहिला रिपोर्ट

मी मॉलिक्युलर लॅबमध्ये आहे, त्या दिवशी नाइट होती. साडेअकराच्या सुमारास पीआयसीयूमधून, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूमधून, नाकाचा स्वॅब आला, पाच आठवड्यांचं बाळ, व्हेंटिलेटरवर, फॉर्मवर ब्राँकिओलायटिस (फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांची सूज, बहुतेक व्हायरसमुळे) लिहिलेलं आणि फक्त व्हायरल पॅनल मागितलेलं. आरएसव्हीचा, म्हणजे बाळांच्या छातीत उतरणाऱ्या व्हायरसचा, सीझन चालू होता, म्हटलं तोच निघणार. तासाभरात रिझल्ट आला, आरएसव्ही निगेटिव्ह, इन्फ्लुएंझा निगेटिव्ह, एकटा रायनोव्हायरस पॉझिटिव्ह. मी रिपोर्ट सोडून दिला. काहीतरी सापडलं की हायसं वाटतं, खरं सांगते.

पण चैन पडेना. रायनो म्हणजे सर्दीचा व्हायरस, तो सर्दी बरी झाल्यावरही कधी कधी कित्येक आठवडे नाकात सापडतो, पीसीआर या आमच्या टेस्टला फक्त त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय अंश, दिसतो, आजार त्याच्यामुळेच आहे का हे मशीन नाही सांगत. म्हणून बाळाचे बाकीचे रिपोर्ट उघडले. पांढऱ्या पेशी ५८,०००, म्हणजे खूपच जास्त, त्यात बहुतेक लिम्फोसाइट्स, आणि हे तर डांग्या खोकल्यात दिसतं. पोटात गोळाच आला.

लगेच वर फोन लावला. डॉक्टर म्हणाले ताप नाहीच आहे, श्वास मधेच थांबायचा, बाळ निळं पडायचं म्हणून ट्यूब टाकली. मी विचारलं, "सर, डांग्या खोकल्याची पीसीआर लावू का?" दोन सेकंद गप्प, मग म्हणाले, "लावा, मी अ‍ॅझिथ्रोमायसिन आत्ताच सुरू करतो." एवढ्या लहान बाळांना खोकल्यानंतर श्वास ओढतानाचा तो हूप आवाज बऱ्याचदा येतच नाही, थेट श्वासच थांबतो.

नवीन स्वॅब घ्यायला मी स्वतः गेले, कारण तो नाकातून पार मागे घशापर्यंत न्यावा लागतो आणि काही सेकंद तिथेच धरावा लागतो, नुसता पुढे फिरवून उपयोग नाही. बाहेर बाकावर आई बसलेली, रुमाल तोंडाशी, खोकला एकदा सुरू झाला की थांबेचना, शेवटी ओकारीच आली तिला. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाली, "तीन आठवडे झाले असतील, सर्दीचा राहिलाय तेवढा."

पहाटे चारला पीसीआरचा ग्राफ वर चढला, डांग्या खोकलाच, आणि तोही १८व्या सायकललाच; जितक्या लवकर चढेल तितके जंतू जास्त, म्हणजे इथे भरपूर. कल्चरची, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याची, वाट बघत बसलो असतो तर आठवडा गेला असता, हा जंतू फार हळू वाढतो आणि त्याला मीडियमही वेगळं लागतं. सकाळपर्यंत घरच्या सगळ्यांना गोळ्या सुरू झाल्या. बाळाची लस अजून व्हायचीच होती आणि गरोदरपणात आईला द्यायची ती लस तिला कोणी दिलीच नव्हती, याचा मला अजूनही त्रास होतो.

औषधाने जंतू मरतो पण त्याचं विष आधीच पसरलेलं असतं, त्यामुळे रोज ड्युटीवर आले की आधी त्या बाळाच्या पांढऱ्या पेशींचा काउंट बघायचे. बाराव्या दिवशी ट्यूब निघाली. त्या संध्याकाळी आईने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "माझ्याकडूनच गेलं ना त्याला?" खोटं बोलवेना. म्हटलं, "बहुतेक हो. पण तुम्हाला कुठे माहीत होतं, पहिला रिपोर्ट सोडला तेव्हा मलाही नव्हतं."