तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॅटमध्ये एवढं मोठं पातेलं कशाला?

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी कोणीही पहिल्यांदा आलं की चहा येईपर्यंत हा प्रश्न येतोच, की टू बीएचकेमध्ये एवढं मोठं पितळी पातेलं कशाला ठेवलंय, ते पण बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी. एका पाहुण्यांनी तर कुंडी करायला विकत मागितलं होतं. मी दर वेळी "आजीचं आहे" एवढंच सांगून विषय बदलते, नीट सांगायला बसलं तर चहा गार होतो. आज सांगतेच.

आजी लग्न होऊन पंचवटीत आली, काळारामाच्या मागच्या गल्लीत वाडा, त्यात आमच्या दोन खोल्या आणि पुढे ओटा. पातेलं तिने भांडी बाजारातून भिशीच्या पैशातून घेतलं, आजोबांना वाटलेलं बाई पाटल्या करणार. आठ दिवस बोलले नाहीत म्हणे. आजी म्हणायची, बरं झालं, तेवढीच शांतता.

घेतलं ते पौषातल्या दिंड्यांसाठी. बाहेरच्यांना आषाढीची वारी माहीत असते, पण आमच्याकडे पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते, नगरकडून, निफाड-येवल्याकडून दिंड्या चालत येतात आणि नाशिकमधून पुढे त्र्यंबकला जातात, म्हणजे इथून अजून 28-30 किलोमीटर, आणि ती थंडी तुम्हाला माहितीये. पहाटे चारला त्या पातेल्यात आलं ठेचून चहा, दुपारी त्याच पातेल्यात (घासून हो!) आमटी. आमटीमुळेच कल्हई करावी लागायची, नाहीतर पितळेत चिंचेची आमटी कळकते. कल्हईवाला ओट्यासमोर भाता लावून बसायचा, भांडं तापलं की नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसलं की आतून लख्ख. आम्ही पोरं त्या धुरासाठी शाळा बुडवायचो.

लोक म्हणतात आजी फार धार्मिक असणार. होती ना, माळकरी होती, रोज संध्याकाळी हरिपाठ. पण रामकुंड पाच मिनिटांवर असून सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी ती कधी कुंडावर गेली नाही. "सगळ्या जगाला आंघोळ करायचीय त्या दिवशी आपण बादलीत करावी" असं म्हणायची आणि ओट्यावर पातेलंभर पाणी ठेवून बसायची, येणारे-जाणारे पिऊन जायचे. 27 ऑगस्ट 2003 ला स्नानाच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली ना, त्या दिवशीही बसली होती. लोक पाणी प्यायला नाही, नुसते टेकायला येत होते, कोणाच्या पायात एकच चप्पल, कोणाची माणसं सापडत नव्हती. हरिपाठ चुकलेला मला तो एकच दिवस आठवतो. नंतर आजीने त्याचा विषय कधी काढला नाही, आम्हीही नाही.

इथपर्यंत ऐकून पाहुणे वा वा करतात आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात आई भांडी जरा जोरात ठेवते. कारण आमटी आजीची असली तरी भाकऱ्या आईच्या असायच्या. आई नोकरी करायची, पहाटे उठून पन्नास-साठ भाकऱ्या थापायच्या आणि मग आठची बस पकडायची, असं कित्येक वर्षं. माझ्या दहावीच्या वर्षी तिचा बांध फुटला, म्हणाली, "आई, पुण्य तुमचं आणि पाठ माझी." आजी काही बोलली नाही. सॉरी वगैरे म्हणणाऱ्यातली ती नव्हतीच. पण पुढच्या पौषात पंधरा दिवस आधीपासून काठी टेकत गल्लीत घरोघरी फिरली, तुमच्याकडून दहा भाकऱ्या, तुमच्याकडून दहा, आणि आमच्या घरीही तसंच दारात उभं राहून आईला म्हणाली, "तुमच्याकडून दहा, जमतील का?" आईला हसू आवरेना. मला विचाराल तर आजीने केलेली सगळ्यात मोठी सेवा हीच, पण हे आईसमोर बोलायची सोय नाही.

त्यावरचा पोचा, तोही सगळे विचारतात. तो 2008 च्या पुरातला. दारावरचा कल्हईवाला यायचा बंद झाला होता म्हणून पातेलं भांडी बाजारात दिलेलं, आणि सप्टेंबरात गोदावरी अशी चढली की बाजारात दुकानांतून पाणी. आम्ही नाशिककर पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, त्या वर्षी मोजायलाही वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर आजी पातेलं मागायला गेली तर दुकानात नुसता चिखल, दुकानदार डोक्याला हात लावून बसलेला. पातेलं तिथेच सोडून घरी आली, दुसऱ्या भांड्यात खिचडी घेऊन परत गेली. पोचा काढू का असं दुकानदाराने विचारलं तर म्हणाली राहू दे, आमटी त्यातही मावते.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, वाडा पाडून बिल्डिंग झाली, पातेलं इकडे आलं. मी एकदा आईला सुचवलं की देऊन टाकू ना कुठेतरी, इथे जागा अडतेय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वॉशिंग मशीनच सरकवलं.

आणि दर पौषात गल्लीतून फोन येतो, पातेलं रिक्षात बसून पंचवटीला जातं, सोबत आई पण जाते, सत्तरी ओलांडलेली, स्वेटरवर शाल, पहाटे साडेतीनला. यंदा मी विचारलं, अगं आता तुला कोण सांगतंय जायला? पदर खोचत म्हणाली, "त्या बायका आलं कमी टाकतात."