निकालाच्या रात्री ग्रुप बंद का करता, ताई?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी 'बघू नंतर' म्हणून टाळते.

आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालाच्या दिवशी शेवटच्या काही फेऱ्या उरल्या की एक ओळ उमटते: आता फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. दोन दिवस ती तशीच राहते. ते बटण दाबणारी मी. मोठ्या फरकाने पडलो तर दाबत नाही, मोठ्या फरकाने आलो तरी नाही. घासून आलेल्या सीटला मात्र दाबते, मग गुलाल आमचा असो की त्यांचा. नव्या पोरांना याचा फार राग येतो. महिनाभर आम्ही चपला झिजवायच्या आणि बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप, हा कुठला न्याय, असं तोंडावर विचारतात. विचारतात ते बरंच करतात. कोणता पक्ष, कोणता मतदारसंघ, ते सांगणार नाही. वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष तिथेच अडकतं.

मोठ्या पराभवाची रात्र शांत असते. 'जनतेचा कौल मान्य' असा एक मेसेज, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि साडेनऊला ग्रुप झोपलेला. पंचवीस हजारांनी पडल्यावर कोणाला काय विचारणार? कोणा एकाच्या अंगावर पंचवीस हजार मतं घालता येत नाहीत. दोनशे घालता येतात. एका बिल्डिंगवर घालता येतात, एका रुसलेल्या माजी नगरसेवकावर घालता येतात, लग्नाला गावी गेलेल्या तीन कुटुंबांवरही घालता येतात.

मोजणीच्या दिवशी जे आत असतात त्यांना सगळं दिसतं, पण मोजणी प्रतिनिधीला मोबाइल आत नेता येत नाही. बाहेरच्यांना काहीच दिसत नसतं आणि मोबाइल हातात असतो. ग्रुप चालतो तो या बाहेरच्यांच्या जिवावर. सकाळी आठला टपाली मतं, अर्ध्या तासाने मशीनं. विधानसभेच्या एका मतदारसंघाला साधारण 14 टेबलं, म्हणजे एका फेरीत 14 बूथ, आणि बूथ येतात ते क्रमाने. त्यामुळे आधी जुनी वस्ती, मग नवी संकुलं, शेवटी गावाकडचा पट्टा, असा अख्खा मतदारसंघ टेबलांवरून सरकत जातो. आत कागद घेऊन बसलेल्याला तेराव्या फेरीत आपण खाली येणार हे आदल्या रात्रीच ठाऊक असतं. बाहेर मात्र तेराव्या फेरीला 'लीड अचानक कसं तुटलं?' सुरू होतं. मग 'आत काहीतरी शिजतंय.' मग कोणाच्या तरी मेहुण्याला आतून आलेली पक्की खबर.

त्यात शेवटचा तास लांबतो, आणि घासून आलेल्या सीटला तो लांबणारच. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातले पाच बूथ सोडत काढून निवडायचे आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्र छापतं त्या कागदी चिठ्ठ्या, मोजायच्या, ते तर सगळीकडेच. त्याशिवाय, बाद ठरवलेली टपाली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील, तर ती सगळी पुन्हा तपासावी लागतात. चाचणी मतदानाची मतं न पुसता राहिलेलं एखादं मशीन बाजूला काढलेलं असतं, त्यातली मतं फरकापेक्षा जास्त असतील तर त्याच्याही चिठ्ठ्या मोजायच्या. उमेदवार लेखी फेरमोजणी मागतो, त्यावर निवडणूक निर्णय अधिकारी लेखी निर्णय देतो. हे सगळं नियमाने चाललेलं असताना बाहेर लिहिलं जातं, 'निकाल दाबून ठेवलाय.'

4 जून 2024 ची मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा आठवा. मशीनच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते: 4,51,095 विरुद्ध रवींद्र वायकरांची 4,51,094. टपाली मतांत वायकरांना 1,550 आणि कीर्तिकरांना 1,501. बेरीज केली की वायकर 48 मतांनी खासदार. सहावीतल्या मुलाला समजावं असं हे गणित. पण त्या संध्याकाळी काही पडद्यांवर एक विजयी, थोड्या वेळाने दुसरा विजयी, आणि मध्ये बाद टपाली मतांची फेरतपासणी. एका बाजूच्या पोरांनी गुलाल उधळून स्टेटस ठेवले आणि ते स्टेटस काढायच्या आत दुसऱ्या बाजूचे लागले. हातात आलेलं गेलं, असं ज्याला एकदा वाटलं त्याला टपाली मतांचा तक्ता दाखवून उपयोग नसतो. निकालाला आव्हान देणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात फेटाळली. त्याआधी, निकालानंतर बारा दिवसांनी, मतदान यंत्र उघडायला मोबाइलवर ओटीपी येतो अशी बातमी फिरली. आयोगाने सांगितलं, यंत्राला ना मोबाइल जोडलेला असतो ना ओटीपी लागतो. बातमी छापणाऱ्या वर्तमानपत्राने दिलगिरीही छापली. बातमी माझ्याकडे अकरा ग्रुपांवरून आली होती. दिलगिरी एकाही ग्रुपवर आली नाही, मी शोधून वाचली.

संशय घेऊच नका असं मी म्हणत नाही. मतदान संपल्यावर प्रत्येक बूथवर केंद्राध्यक्ष पोलिंग एजंटला फॉर्म 17 सी देतो. त्यावर त्या मशीनमध्ये किती मतं पडली ते लिहिलेलं असतं, खाली सही असते. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा जुळतो का ते आपला माणूस पाहतो. जुळला नाही तर तिथेच लेखी हरकत. निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. रस्ता आहे, आणि तो कागदावरून जातो. मागे एकदा ग्रुपवर 'मशीन' 'मशीन' करणाऱ्या नऊ जणांना मी वेगवेगळं विचारलं होतं, तुमच्या बूथचा 17 सी कुठाय? दोघांनी फोटो पाठवले. एकाने 'घरी बघतो' म्हटलं. बाकीच्यांनी मेसेज वाचला एवढंच दिसलं.

पण खरं सांगू का, मशीनवरचा राग मला तेवढा भीतीदायक वाटत नाही. मशीनला घर नसतं, आई नसते, उद्या सकाळी रस्त्यात भेटायची भीती नसते. तो राग रात्री अकरापर्यंत टिकतो. अकरानंतर माणसं माणसांकडे वळतात.

याचं कारण असं की थोडक्यात गेलेल्या सीटमध्ये प्रत्येकाने सांगितलेलं कारण हिशेबाला खरं उतरतं. त्या 48 मतांच्या लढतीत 'नोटा'ला 15 हजारांहून जास्त मतं होती. म्हणजे नोटाने पाडलं हे खरं. अपक्षांनी पाडलं हेही खरं. पावसाने पाडलं, यादीतून उडालेल्या नावांनी पाडलं, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी न घेतलेल्या कोपरा सभेने पाडलं, सगळंच खरं. शंभर जण शंभर कारणं सांगतात आणि एकही खोटं पाडता येत नाही. राजस्थानात 2008 च्या विधानसभेला काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी नाथद्वाऱ्यातून एका मताने पडले, 62,215 विरुद्ध 62,216. त्यांच्या घरच्यांनीच मतदान केलं नव्हतं असं तेव्हा छापून आलं, आणि ती गोष्ट आजही प्रत्येक निकालाच्या दिवशी फिरते. साठ हजारांवर लोकांनी त्यांना मत दिलं नाही, त्यातल्या एकाकडेही कोणी बोट दाखवलं नाही. बोट गेलं ते घराकडे. आपल्या माणसाचं न पडलेलं मत जास्त टोचतं. (जोशी पुढच्याच वर्षी भिलवाड्यातून लोकसभेवर गेले आणि केंद्रात मंत्री झाले. हा भाग मात्र फिरत नाही.)

कधी कधी कारणाला खरंच दम असतो. 2024 ला साताऱ्यात लोकसभेला फरक होता 32,771 चा, आणि तुतारीसारख्या वाटणाऱ्या पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला मतं होती 37,062. हरलेल्या तुतारीवाल्या पक्षाने ते सभांत सांगितलं, आयोगाकडेही नेलं. पण तिथे राग धरायला चिन्ह होतं. आमच्यासारख्यांच्या ग्रुपवर चिन्ह नसतं, बूथ क्रमांक असतो, आणि बूथ क्रमांक म्हणजे कोण ते सगळ्यांना पाठ असतं.

जिंकणाऱ्यांचं काय, असं विचाराल. थोडक्यात जिंकलेला ग्रुप जास्त वाईट वागतो असं माझं मत आहे. भीती वाटलेली असते ना, ती अशी बाहेर पडते. 'कोण कोण आतून विरोधात होतं त्याची यादी आहे आपल्याकडे' हा मेसेज मी विजयाच्या रात्रीच वाचलाय. असो.

आता माझं. फरक किती होता ते सांगितलं तर मतदारसंघ कळेल. एवढंच सांगते की आमच्या एका बूथच्या यादीत जितकी नावं, त्याहून तो फरक कमी होता. मी मोजणीला आत होते. फेरीफेरीचे आकडे माझ्याच हातचे, कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेले. बाहेर आले, गाडीत ठेवलेला फोन सुरू केला तेव्हा ग्रुपवर चारशेच्या वर मेसेज होते आणि उमेदवाराच्या घराबाहेरच्या बायका रडतानाचा एक व्हिडिओ होता. मी तो पाहिला. मग कागद उलटून मागच्या निवडणुकीच्या लीडशी एकेक बूथ लावत गेले. एका बूथवर आमचं लीड एकशे नव्वदने खाली आलं होतं. एका बूथवर. मी ग्रुपवर तो क्रमांक टाकला, दोन्ही आकडे टाकले, आणि खाली लिहिलं: 'इथे घात झाला.'

तीन शब्द. नाव घेतलं नव्हतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते.

त्या बूथचा प्रमुख चोवीस वर्षांचा होता. मतदार चिठ्ठ्या वाटताना पाय मुरगळला तर पट्टी बांधून हिंडलेला. माझ्या मेसेजखाली पहिल्या दहा मिनिटांत 'मॅनेज झाला' आलं. मग 'किती घेतले विचारा'. त्याच्या वहिनीने समोरच्या पक्षाच्या कुठल्याशा हळदीकुंकवाला काढलेला फोटो आला, गोल करून, बाण दाखवून. मध्यरात्रीनंतर कधीतरी ती करड्या अक्षरातली ओळ: अमुक यांनी ग्रुप सोडला. त्याखाली कोणीतरी टाळ्या वाजवणारे हात टाकले. मी झोपले होते.

पुढे चार महिन्यांनी मतदार याद्यांचं काम निघालं. याद्या समोर ठेवून मी आणि आणखी एक ताई बसलो होतो, तेव्हा दिसलं की त्या बूथच्या यादीतून दोन इमारती आधीच काढल्या होत्या. मतदार वाढले म्हणून बूथची नव्याने मांडणी झाली होती आणि त्या इमारती शेजारच्या बूथला जोडल्या होत्या. दोन्ही इमारती आमच्या, पहिल्यापासून. शेजारच्या बूथवर आमचं लीड वाढलं होतं. किती, तर दोनशेच्या थोडंसं वर. ते त्या रात्री माझ्याच कागदावर होतं, माझ्याच अक्षरात. मी फक्त कमी झालेले आकडे शोधत होते. वाढलेला बूथ कोणी कशाला शोधेल?

मी त्याला मेसेज केला. दोन्ही बूथचे आकडे लिहिले, माफी मागितली. पहिल्यांदा फोन करायला हवा होता, पण तो उचलणार नाही याची भीती वाटली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'ताई, मला माहीत होतं. मी ग्रुपवर लिहिलं होतं त्याच रात्री.'

मी वर वर सरकवत गेले. रडणाऱ्या बायका, मशीन, गोल केलेला फोटो, कोणाची तरी कविता. सापडला. 11:52. 'दोन बिल्डिंग शेजारच्या बूथला गेल्यात, तिथला आकडा बघा ना कोणीतरी.' त्याच्या वर 'गद्दारांना माफी नाही' होतं, खाली पेटलेल्या ज्योतीचं स्टिकर. कोणी उत्तर दिलं नव्हतं. मीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, ग्रुप बंद असता तर त्याचा हा मेसेजही आला नसता. हे मला हुशार पोरं दरवेळी ऐकवतात आणि मला त्यावर नीट उत्तर देता येत नाही. मी बटण दाबते आणि फोन करायला बसते. बूथप्रमाणे, क्रमाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रत्येकाला विचारते, तुझ्या यादीत काय बदललं होतं, आणि तो सांगतो ते वहीत लिहिते. रडतात काही, शिव्या घालतात काही, एकाने मलाच मॅनेज झालात का विचारलं. सगळे फोन व्हायला दोन दिवस लागतात, म्हणून ग्रुप दोन दिवस बंद. त्याच्या जुन्या बूथचा फोन आता दुसऱ्या मुलाला जातो.