बॉयलरचं लाल बटण आणि आईचा स्टोव्ह

पहाटे साडेचारला आईनं मला हलवून उठवलं. "अगं, भिंतीपाशी टिकटिक व्हायची ती थांबलीय. आणि गार वाटतंय."

आमच्या घरात भिंतींच्या तळाशी तांब्याच्या नळ्या फिरवलेल्या आहेत, त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या. बेसमेंटमधल्या बॉयलरमधलं गरम पाणी त्यांतून फिरतं आणि नळ्या तापल्या-निवल्या की टिकटिकतात. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो कानावर पडायचाच नाही. इचलकरंजीहून येऊन दोनच महिने झालेल्या आईला मात्र तो बंद झाल्याचं झोपेत कळलं. बाहेर उणे १९ सेल्सिअस होतं. थर्मोस्टॅट ६८ फॅरनहाइटवर (म्हणजे २० सेल्सिअसवर) लावलेला, आणि घर उतरून ५७ वर, म्हणजे १४ सेल्सिअसवर आलेलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरच्या पश्चिमेला एका छोट्या गावात आमचं घर आहे. गॅसची लाइन आमच्या रस्त्यापर्यंत पोचलेलीच नाही. त्यामुळे हीटिंग ऑइल. डिझेलच्याच जातीचं हे तेल, कर लागत नाही म्हणून ओळखू यावं यासाठी लाल रंग घातलेलं. बेसमेंटच्या कोपऱ्यात २७५ गॅलनची, म्हणजे साधारण हजार लिटरची टाकी आहे, तिथून तांब्याची बारीक लाइन बर्नरपर्यंत जाते. अमेरिकेत घर तापवायला तेल जाळणारी बहुतेक कुटुंबं या ईशान्य भागातच राहतात. घर घेतलं तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. थर्मोस्टॅट फिरवला की घर तापतं, एवढंच कळत होतं.

नवरा कामासाठी टेक्सासला गेलेला. मी खाली गेले. बर्नरच्या करड्या डबीवर एक लाल बटण होतं. ते दाबलं की मोटर घरघरली, पाऊण मिनिट चालली आणि खट्कन बंद पडली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी तेलाचा वास नाकात भरला. आई शाल लपेटून जिन्यावर उभी होती. तिथूनच ती म्हणाली, "आता हात लावू नकोस. बर्नर तापल्याशिवाय पंप मारत नसतात."

तिच्या डोळ्यांपुढे आमचा जुना पितळी स्टोव्ह होता. काकडा पेटवून बर्नर नीट तापू द्यायचा, मगच पंप मारायचा. घाई केली तर रॉकेलची वाफ होत नाही, ते तसंच पातळ वर येऊन साठतं, आणि मग पेटलं की भडका छतापर्यंत. आईनं तो भडका एकदा शेजारच्या घरात पाहिला होता. तिनं त्या पहाटे मला थांबवलं नसतं तर मी पाचव्यांदा बटण दाबलं असतं, यात मला शंका नाही.

साडेसातला टेक्निशियन आले. साठीच्या पुढचे गृहस्थ, चाळीस वर्षं याच कामात. आमच्या तेल-कंपनीची इमर्जन्सी लाइन पाऊण तास नुसतं संगीत ऐकवत होती, म्हणून शेजारच्या आजोबांनी यांना फोन केला. आल्या आल्या त्यांनी एकच विचारलं : "बटण किती वेळा दाबलंत?" खरं सांगितल्यावर ते रागावले नाहीत, पण टॉर्च घेऊन खाली बसले आणि मला शेजारी बसवून चेंबर, म्हणजे ज्योत जळते ती आतली पोकळी, दाखवलं. आतलं सिरॅमिक फायबरचं अस्तर तेलानं ओलं झालं होतं.

त्यांनी समजावलेलं इथे सविस्तर लिहिते, कारण हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. बर्नरमधला पंप चौरस इंचाला १०० पौंड दाबानं तेल एका बारीक नोझलमधून ढकलतो आणि धुक्यासारखा फवारा तयार होतो. नोझलच्या पुढ्यात दोन इलेक्ट्रोड असतात. ट्रान्सफॉर्मर त्यांना दहा हजार व्होल्ट देतो, ठिणगी पडते आणि फवारा पेटतो. ज्योत पेटली की नाही हे पाहायला प्रकाश ओळखणारा एक छोटा डोळा असतो, कॅड सेल म्हणतात त्याला. त्याला उजेड दिसला नाही की ती करडी डबी सगळं बंद पाडते. आमची डबी जुनी, ती ४५ सेकंद वाट पाहायची. आमच्या इलेक्ट्रोडवर कार्बनचा थर जमून ठिणगी नोझलपुढे पडतच नव्हती. फवारा मात्र पुरा चालू होता. नोझल ०.८५ चं, म्हणजे तासाला ०.८५ गॅलन. हिशेब केला तर ४५ सेकंदांत साधारण ४० मिलिलिटर. मी चार वेळा बटण दाबून १६० मिलिलिटर न जळलेलं तेल चेंबरमध्ये ओतलं होतं. पाचव्यांदा ठिणगी पडली असती तर सगळं एकदम पेटलं असतं. त्याला इथे पफबॅक म्हणतात. बॉयलरचं दार उडतं, धुराड्याचे पाइप सुटतात आणि तेलकट काजळी घरभर बसते. लाल बटण एकदा दाबायचं. पेटलं नाही तर फोन करायचा. दुसऱ्यांदा नाही.

त्यांनी अस्तरावरचं तेल टिपून घेतलं, इलेक्ट्रोड आणि नोझल बदललं आणि हात स्विचवर ठेवूनच बर्नर सुरू केला. काही मिनिटं आत गुरगुरल्यासारखा आवाज येत राहिला. मुरलेलं तेल जळत होतं. मग ज्योत स्थिर झाली. जुनी डबी काढून त्यांनी नवी बसवली. ती १५ सेकंदांतच बंद होते आणि सलग तीनदा पेटलं नाही तर स्वतःला कुलूप लावते, मग टेक्निशियनशिवाय उघडत नाही.

जाताना त्यांनी बॉयलरला लटकवलेला सर्व्हिसचा कागद वाचला. तारीख ऑक्टोबरची. "सर्व्हिस झाली" अशी खूण आणि सही. पण धुराच्या मोजणीच्या आकड्यांचे रकाने रिकामे. मला आठवलं, कंपनीचा माणूस वीस मिनिटांत फिल्टर बदलून गेला होता. मी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होते आणि पैसे भरून मोकळी झाले होते. टेक्निशियन म्हणाले, "ज्यानं मोजलं नाही, त्यानं सर्व्हिस केलेली नाही." मला त्या कंपनीच्या माणसाचा राग आला, आजही येतो. घरात म्हातारं माणूस होतं, बाहेर पाणी गोठवणारी थंडी होती, आणि कराराप्रमाणे पूर्ण पैसे दिलेल्या कामातला महत्त्वाचा भाग झालाच नव्हता.

मेमध्ये आई परत गेली. ऑगस्टच्या शेवटी त्याच टेक्निशियनना नीट सर्व्हिससाठी बोलावलं. ऑक्टोबरपासून हे लोक पळापळीत असतात, उन्हाळ्यात निवांत वेळ देतात. आमच्या राज्यात ऑइल बर्नरवर काम करायला अग्निसेवा विभागाचं प्रमाणपत्र लागतं, ते त्यांनी न मागता दाखवलं. सकाळचे नऊ, तिकडे संध्याकाळचे साडेसहा. आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं, कारण तिनं तसं बजावलंच होतं.

आधी मोजणी, मग सफाई. धुराड्याच्या पाइपात सळई घालून त्यांनी आकडे घेतले. कार्बन डायऑक्साइड ९ टक्के, धुराचं तापमान खोलीपेक्षा ५०० फॅरनहाइट जास्त, कार्यक्षमता ८० च्या खाली. म्हणजे दर पाच गॅलनांतलं एक धुराड्यावाटे बाहेर. मग विजेचा स्विच बंद, तेलाची झडप बंद. बॉयलरचं वरचं झाकण उघडलं आणि आतल्या ओतीव लोखंडाच्या फटी दिसल्या : काळ्या, कोळशाच्या भुकटीनं बुजल्यासारख्या.

"हा तर बंबच की!" आई फोनमधून म्हणाली.

तिचं बरोबर होतं. आमच्या मोरीतल्या तांब्याच्या बंबात मधून नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. इथेही जाळ आत, पाणी भोवती. आई सांगत होती की नळीनं काजळी धरली की त्याच पाण्याला दुप्पट ढलप्या लागायच्या, म्हणून ती पंधरा दिवसांनी बोरूच्या काठीला चिंधी बांधून नळी झाडायची. टेक्निशियनना मी हे इंग्रजीतून सांगितलं. ते हातातला ब्रश खाली ठेवून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तुमच्या आईंना सांगा, मीही हेच करतोय, फक्त ब्रश लांब आहे." प्रत्येक फटीत ब्रश घालून काजळी खाली पाडली, चेंबरमधून व्हॅक्यूमनं ओढून घेतली. धुराड्याचा पाइप सोडवून अंगणात नेऊन झाडला, चिमणीचा तळ साफ केला.

नोझल दर वर्षी नवं. "यात पिन मारत नाहीत का?" आईनं विचारलं. स्टोव्हच्या निपलात कचरा अडकला की पिन मारायची, तसं. नाही मारत, नोझलच्या आतल्या खाचांवर फवाऱ्याचा आकार ठरतो, ओरखडा पडला तरी फवारा तिरका होतो आणि एका बाजूनं काजळी धरते. आमच्या नोझलवर ०.८५, ८० अंश असं कोरलेलं असतं, ८० अंश हा फवाऱ्याचा कोन. तेच आणि तसंच बसवायचं, दुकानात जे मिळेल ते नाही. इलेक्ट्रोडमधलं अंतर त्यांनी गेजनं मोजून लावलं. कॅड सेलची काच पुसली. फिल्टरच्या डब्यातून काळा गाळ आणि तळाशी थोडं पाणी निघालं. टाकीत हवा दमट, थंडीत पाण्याचे थेंब धरतात आणि तळाशी बसतात. फिल्टर उघडला की लाइनमध्ये हवा शिरते, म्हणून पंपाच्या बारीक नळीतून फेस थांबून तेलाची एकसंध धार येईपर्यंत ते बाटलीत काढलं.

शेवटी पुन्हा मोजणी, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. एका हातपंपानं दहा वेळा ओढून धूर पांढऱ्या कागदातून घेतात. कागदावर राखाडी ठिपका पडतो, तो शून्य ते नऊच्या पट्टीशी ताडतात. ठिपका जेमतेम दिसेल इथपर्यंत हवा कमी केली, मग कागद पांढराशुभ्र राहील इतकी थोडी वाढवली. हवा कमी पडली तर काजळी, जास्त झाली तर तापलेली हवा चिमणीतून फुकट. शेवटचे आकडे : धूर शून्य, कार्बन डायऑक्साइड ११.५ टक्के, तापमानातला फरक ४००, कार्यक्षमता ८५. सगळे रकाने भरून त्यांनी कागद लटकवला. अडीच तास लागले होते.

पाण्याची बाजू त्यांनी मला शिकवली, कारण ती रोज बघायची असते. थंड बॉयलरचा दाब १२ पौंडांच्या आसपास हवा. तापला की चढतो, पण ३० ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर सोडतो. काटा सारखा तिकडे जात असेल तर एक्स्पान्शन टँक, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी, गेला समजायचं. आणि काटा सारखा उतरत असेल तर गळती शोधायची, नुसतं पाणी भरत राहायचं नाही. ताज्या पाण्यातला प्राणवायू लोखंड आतून खातो.

टाकीवरही आता माझं लक्ष असतं. पाव राहिली की तेल मागवते, कारण तळापर्यंत गेलं तर गाळ लाइनमध्ये ओढला जातो. तेल भरताना टाकीतून शिट्टी वाजत राहते, हवा बाहेर जात असते. शिट्टी थांबली की टाकी भरली. ट्रकवाला बाहेर उभा राहून तेच ऐकतो. तेल भरताना बर्नर बंद ठेवते आणि गाळ खाली बसायला नंतर दोन तास देते. तेल संपलंच तर पेट्रोलपंपावरचं पाच गॅलन डिझेल रात्र काढायला चालतं, पण मग लाइनमधली हवा काढावी लागते.

कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या विषारी वायूचे अलार्म प्रत्येक मजल्यावर आहेत. या राज्यात ३१ मार्च २००६ पासून ते सक्तीचे आहेत. बर्फानं हीटिंगचं धुराडं बुजून जीव गमावलेल्या निकोल नावाच्या सात वर्षांच्या मुलीच्या नावानं तो कायदा ओळखला जातो. आमचा धूर चिमणीतून जातो, तरी पहिल्या मोठ्या बर्फानंतर मी बाहेर जाऊन चिमणीकडे बघून येते. बर्नरचं दार, नोझल, इलेक्ट्रोड यांना मी हात लावत नाही. ते काम माझं नाही.

यंदाच्या ऑगस्टमधली सर्व्हिस मागच्या आठवड्यात झाली. कागदाचा फोटो आईला पाठवला. आकड्यांबद्दल तिनं काही लिहिलं नाही. "काजळी किती निघाली?" एवढंच विचारलं. मी व्हॅक्यूमच्या पिशवीचा फोटो पाठवला. मागच्या वर्षी पिशवी अर्धी भरली होती. यंदा जेमतेम मूठभर.