चालतं की नाही

आमच्या घरात सध्या दोन शास्त्रं नांदतात. आईचं उपासाचं आणि माझं कमी कर्बांचं, म्हणजे कमी कार्बोहायड्रेटचं. माझं नवं आहे. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१ आली, डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात," आणि दुसऱ्या दिवसापासून मी पोळीकडे संशयाने पाहू लागलो. पण दोन्ही शास्त्रांचा कारभार एकाच शब्दावर आहे : चालतं. आईला साबुदाणा चालतो, मला चालत नाही. मला अंडं चालतं, ते आईसमोर उकडलेलंही चालत नाही. एकादशीला आमच्या दोन ताटांत सामाईक म्हणून उरतो तो फक्त शेंगदाणा.

खरं तर शेंगदाणा उपासात घुसलेला गडी. कूळ पाहिलं तर तो मूग-मटकीचा भाऊबंद आणि कडधान्य तर उपासाला वर्ज्य. पण बटाटा, रताळं, मिरची आणि ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, ही सगळी मंडळी अमेरिकेच्या बाजूने आली आणि थेट एकादशीच्या ताटात बसली. त्यांच्याबरोबर हाही बसला. परगावचा पाहुणा म्हणून कुणी कूळ विचारलं नसावं. माझ्या शास्त्रातही त्याला मान आहे. १०० ग्रॅम दाण्यांत कर्बं सोळाएक ग्रॅम, आणि त्यातला निम्मा चोथाच.

तर जेवणानंतर गोड काहीतरी लागतं, या जुन्या खोडीवर उपाय म्हणून मी चॉकलेट आणि पीनट बटरच्या वड्या करायच्या ठरवल्या. ही जोडी अमेरिकेतली. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावच्या एच. बी. रीस नावाच्या गृहस्थांनी १९२८ साली चॉकलेटच्या वाटीत पीनट बटर भरून विकायला सुरुवात केली. त्यांना १६ मुलं होती. एवढ्या मुलांच्या बापाला जोडधंदा सुचणारच. त्यांच्या वाटीत साखर भरपूर असते, ती तेवढी मला काढायची होती.

दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजले, सालं चोळून पाखडली आणि मिक्सरला लावली. इथे आई स्वयंपाकघरात आली. कूट करताना मिक्सर क्षणभर फिरवायचा नि थांबवायचा, तेल सुटू द्यायचं नाही, हे तिने आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. तेल सुटलेलं कूट म्हणजे करणाऱ्याचं लक्ष नव्हतं याचा पुरावा. आणि मी मिक्सर बंदच करेना.

"अरे, तेल सुटलं! गोळा झाला बघ त्याचा!"

"होऊ दे आई, पुढे जायचंय."

"पुढे कुठे?"

पुढे खरंच एक गाव आहे. कुटाचा गोळा होतो, तो भांड्याच्या कडांना चिकटून बसतो, मिक्सर तापतो, आपण खरवडून पुन्हा फिरवतो, आणि सगळं बिघडलं असं वाटत असतानाच तो गोळा सैल होऊन धिरड्याच्या पिठासारखा वाहू लागतो. वरून काहीही घातलेलं नसतं, ते दाण्यांचंच तेल. आईने बोट लावून चाखलं. "मीठ हवं," एवढंच म्हणाली.

चॉकलेटने मात्र पाणी पाजलं, आणि तेही खरोखरचं. ८५ टक्के कोकोचं आणलं होतं. उरलेल्या १५ टक्क्यांत बहुतेक साखरच असते, तेवढी मी स्वतःला माफ केली. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवून ते वितळवत होतो, तर वाफेचे चार थेंब आत पडले. क्षणात त्या चकचकीत चॉकलेटचा कोरडा, रवाळ गोळा झाला. बेसनाच्या लाडवाला आपण भाजल्यावर मुद्दाम दुधाचा हबका मारतो, रवाळ यावं म्हणून. तोच हबका चॉकलेटला मरण. त्या गोळ्यात गरम दूध ओतून मुलांना प्यायला दिलं आणि दुसरा बार फोडला.

गोडीसाठी साखरेऐवजी वापरतात ते एरिथ्रिटॉल आणलं होतं. दिसायला साखर, गोडी साखरेच्या साधारण ७० टक्के, आणि जिभेवर विरघळताना पेपरमिंटसारखा गारवा. तसंच घातलं तर दाताखाली कचकच येते, म्हणून पिठीसाखरेसारखं दळून दाण्यात मिसळलं. चॉकलेट पातळ राहावं म्हणून त्यात दोन चमचे खोबरेल तेल घातलं. इथे फसलो. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं आणि आमच्या पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पहिली वडी ताटलीतून उचलून तोंडापर्यंत नेईतो मनगटावर ओघळली. तेव्हापासून या वड्या फ्रिजमध्येच राहतात आणि फ्रिजचं दार उघडं ठेवूनच खाल्ल्या जातात.

साचा म्हणून घरात मोदकाचाच मिळाला. आधी चॉकलेटचा थर, त्यात दाण्याचं सारण, वर पुन्हा चॉकलेट. फ्रिजमधून सोळा काळेभोर मोदक निघाले. एक उचलणार, तोच आईने हात धरला.

"साच्यातून मोदक निघाला की तो मोदक. आधी नैवेद्य."

"अगं, हे औषधासारखं आहे."

"त्यालाही चालेल. रोज उकडीचे खाऊन कंटाळला असेल."

माझ्या हिशेबाने एका मोदकात कर्बं दोनेक ग्रॅम. हे मी सगळ्यांना सांगतो. उष्मांक शंभराच्या घरात, म्हणजे साधारण एका पोळीएवढे, हे कुणी विचारलं तरच सांगतो. पोळी सोडल्याच्या समाधानात मी त्या दिवशी चार मोदक खाल्ले. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

पुढच्या एकादशीला दुपारी तिने डबा काढून ओट्यावर ठेवला आणि चष्मा लावून माझी उलटतपासणी सुरू केली. दाणे चालतात. खोबरं चालतं, म्हणजे त्याचं तेल चालतं. मीठ मी सैंधव घातलं होतं. राहिला कोको.

"हा कशापासून होतो रे?"

"झाडाला फळ येतं, त्याच्या बिया आंबवून, वाळवून, भाजतात."

"झाडाला येतं ना? धान्य नाही, डाळ नाही?"

"नाही."

"कुठला मूळचा?"

"अमेरिकेच्या बाजूचा. बटाट्याकडचा."

"मग चालतं," आई म्हणाली आणि तिने दोन उचलले.