माळवदावरचा तास

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हाती पडलं आणि पहिल्यांदा आठवले ते सर. कोणते सर, हे आपल्या शाळेत शिकलेल्या कुणाला सांगायला नको. गणित शिकवायचे, शनिवारी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास घ्यायचे आणि सुट्टीत बोर्डिंगची डागडुजीही स्वतः उभं राहून करायचे. समितीने शाळेच्या एकूण वाटचालीवर लिहा म्हटलं होतं. मला क्षमा करा, मी एकाच दुपारीबद्दल लिहिणार आहे.

१९७९चा मे महिना. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. मी आठवीत जाणार होते. माझ्या धाकट्या भावाला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, उजवा पाय लुळा पडला. त्या मे महिन्यात आई त्याला कडेवर घेऊन एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेला, गेली. मीही सोबत होते. व्यासपीठावरच्या माणसाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली आणि म्हणाला, "चाल." धाकटा दोन पावलं फरफटला आणि पडला. तेव्हा त्या माणसाने माइकवरून सगळ्यांदेखत सांगितलं, "घरच्यांचा विश्वास कमी पडला."

आई दोन दिवस जेवली नाही. "माझंच कायतरी पाप असंल, लेकरू भोगतंय," एवढंच म्हणायची. गल्लीतल्या बाया मागच्या जन्माचं बोलायच्या, ते तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. हे मात्र आपल्याच माणसाने, येशूच्या नावाने म्हटलेलं होतं.

त्या आठवड्यात बोर्डिंगच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, पांढरी माती टाकायचं काम निघालं होतं. मृगाच्या आत उरकायचं असायचं. आम्ही कंपाउंडातली पोरं खालून घमेली द्यायचो. सरांना दमा, तरी तोंडाला ओला पंचा बांधून तेच माती पसरायचे. काम थांबल्यावर मी वर गेले आणि विचारलं, "सर, माझा विश्वास कमी पडला का?"

सर लगेच बोलले नाहीत. मला सवण्यापाशी, म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकापाशी, नेलं. "ह्या सवण्यातून बाज खाली जाईल?" मी वाकून पाहिलं. माणूससुद्धा गेला नसता. "मग येशूच्या गोष्टीतल्या कफर्णहूम गावात त्या चौघांनी काय केलं असंल?" त्यांनी कडेची माती बोटांनी उकरून दाखवली. वर पांढरी माती, मग चिखल, मग फळ्या, खाली तुळया. म्हणाले, तिकडची घरंही अशीच, सपाट मातीच्या धाब्याची. त्या चौघांनी दुसऱ्याचं माळवद उकरलं आणि पक्षघाती मित्राला बाजेसकट येशूसमोर सोडलं. आता सांग, येशूने कुणाचा विश्वास पाहिला?

मी म्हटलं, आजारी माणसाचा.

"शास्त्र काढ आणि वाच."

मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मला पाठ होता, तरी त्या दिवसापर्यंत मला तो शब्द दिसलाच नव्हता. 'त्यांचा' विश्वास पाहून. बाजेवरचा माणूस त्या गोष्टीत एक शब्दही बोलत नाही. आणि येशू आधी पायाचं काहीच बोलत नाही, 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' म्हणतो. शास्त्री, म्हणजे तिथले धर्मपंडित, मनात कुरकुरतात तेव्हा तो म्हणतो, मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे स्वतःला, पृथ्वीवर पापांची क्षमा करायचा अधिकार आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. आणि मग, ऊठ, बाज उचल, घरी जा.

"कळावं म्हणून," सर म्हणाले. "योहान त्याच्या शुभवर्तमानात येशूच्या ह्या कामांना चिन्हं म्हणतो, ते एवढ्यासाठी. चिन्ह म्हणजे एस.टी.वरची पाटी. पाटी बघून गाडी कुठं जाते ते कळतं. पाटीलाच कवटाळून बसलं तर माणूस स्टँडवरच राहतो." लाजराला येशूने कबरेतून उठवलं, पण तोही पुढे म्हातारा होऊन मेलाच असेल, हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी दचकले. बरं करणं म्हणजे देवाचं राज्य कसं असेल त्याची दिलेली चव, असं ते म्हणायचे. कुष्ठरोग्याला बरं करून येशू याजकाकडे पाठवतो, कारण याजकाने शुद्ध म्हटल्याशिवाय त्याला गावात, घरात, माणसांत परत जागा नव्हती.

देव आजही बरं करतो, ह्याबद्दल सरांना शंका नव्हती. "पण ते दान आहे, आपल्या विश्वासाची मजुरी नाही." प्रेषित पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे दुखण्यासाठी, तीनदा विनवणी केली आणि उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरेशी आहे. पौलाचा विश्वास काय कमी होता? हे सांगताना सरांना धाप लागली होती.

त्याच संध्याकाळी ते पायाला पांढरी माती तशीच घेऊन आमच्या घरी आले आणि आईला योहानाचा नववा अध्याय वाचून दाखवला. जन्मांध माणूस, आणि शिष्यांचा प्रश्न, पाप कुणाचं? येशूचं उत्तर, ह्याचंही नाही आणि ह्याच्या आईबापांचंही नाही. आईने तेवढं वाक्य तीनदा वाचायला लावलं. मग उठून चूल पेटवली. पुढच्याच महिन्यात सर धाकट्याला एस.टी.ने घेऊन गेले आणि कॅलिपरचं, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांचं, माप देऊन आले. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता, म्हणाले.

मी परिचारिका झाले ती त्या कॅलिपरमुळे. १९९५ला पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि पुढे निवृत्तीपर्यंत बूथवरची माझी ड्यूटी चुकली नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा वॉर्डातच गुडघे टेकले. धाकट्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. तो कॅलिपर घालूनच चालतो, आणि उपासनेत पेटी वाजवतो.

बोर्डिंगचं माळवद पाडून स्लॅब टाकल्याचं ऐकलं. गळती थांबली, बरं झालं, पण वाईट वाटलं. आता सवणं म्हणजे काय हे मुलांना चित्र काढून सांगावं लागेल. आणि 'विश्वास कमी पडला' हे वाक्य मी आजारी लेकरांच्या आयांच्या तोंडून अजून ऐकते. तेव्हा मी त्यांना मार्काचा दुसरा अध्याय वाचायला सांगते.

सर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी त्यांचं शास्त्र मला दिलं. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात शेवटी पौल लिहितो की त्याचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मिलेत गावातच ठेवून आलो. त्या ओळीखाली शिसपेन्सिलीची रेघ आहे आणि समासात माझ्या धाकट्याचं नाव. कार्यक्रमाला येताना ते शास्त्र आणणार आहे. प्रदर्शनात मांडायचं असेल तर जरूर मांडा. संध्याकाळी मी ते परत घेऊन जाईन.